आजोळीच सून म्हणून गेलेली राजकन्या: वेलास्केझच्या चित्रातली निळ्या ड्रेसमधली मुलगी कोण होती?

इन्स्टाग्रामवर चित्रकलेची पेजेस फॉलो करत असाल, तर हे चित्र तुमच्या नजरेखालून कधी ना कधी गेलंच असेल. आठ वर्षांची एक गोरीपान मुलगी. अंगात निळा रेशमी ड्रेस, त्यावर चमकणाऱ्या रुपेरी पट्ट्या. स्कर्ट दोन्ही बाजूंना इतका पसरलेला की साध्या दारातून तिला आडवंच आत जावं लागेल. एका हातात तपकिरी फरची गुंडाळी आणि चेहऱ्यावर हसू अजिबात नाही.

कमेंट्समध्ये लोक 'किती गोड', 'ड्रेस बघा ना' असं लिहितात. ते बरोबरच आहे. पण हे चित्र ज्या कामासाठी काढलं गेलं, ते कळलं की त्याकडे पुन्हा एकदा नीट बघावंसं वाटतं. कारण हे चित्र भिंतीवर टांगायची शोभेची वस्तू म्हणून काढलेलं नव्हतं. आपल्याकडे स्थळाला मुलीचा फोटो पाठवतात ना, जवळपास तसंच हे प्रकरण होतं. आणि ज्याच्याकडे ते गेलं, तो तिचा सख्खा मामा होता.

आधी थोडक्यात माहिती

चित्राचं नाव: निळ्या ड्रेसमधली इन्फांता मार्गारिटा तेरेसा
चित्रकार: दिएगो वेलास्केझ
वर्ष: १६५९
माध्यम: कॅनव्हासवर तैलरंग
आकार: साधारण १२७ बाय १०७ सेंटीमीटर
सध्या कुठे: कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम, व्हिएन्ना

'इन्फांता' हे मुलीचं नाव नाही, तो किताब आहे. स्पेनच्या राजाच्या मुलीला इन्फांता आणि गादीचा वारस नसलेल्या मुलाला इन्फांते म्हणतात.

ही मुलगी कोण?

मार्गारिटा तेरेसाचा जन्म १२ जुलै १६५१ चा, माद्रिदमधला. वडील स्पेनचा राजा चौथा फिलिप, आई राणी मारियाना. तुम्ही तिला आणखी एका चित्रात नक्की पाहिलंय. वेलास्केझचं जगप्रसिद्ध 'लास मेनिनास' हे १६५६ चं चित्र आठवा. माद्रिदच्या प्रादो म्युझियममधल्या या भल्यामोठ्या चित्रात मधोमध पांढऱ्या ड्रेसमध्ये उभी असलेली पाच वर्षांची मुलगी म्हणजे हीच मार्गारिटा.

आता तिच्या घरातली नाती बघू. इथे जरा सावकाश वाचा.

चौथ्या फिलिपला आधीच्या राणीपासून बाल्तासार कार्लोस नावाचा मुलगा होता. त्याचं लग्न त्याच्या आतेबहिणीशी, म्हणजे व्हिएन्नाच्या मारियानाशी ठरलं होतं. पण १६४६ मध्ये वयाच्या सोळाव्या वर्षी बाल्तासार वारला. राजाची पहिली राणी त्याआधीच वारली होती. गादीला मुलगा उरला नाही. मग १६४९ मध्ये राजाने मुलासाठी ठरवलेल्या त्याच मुलीशी स्वतः लग्न केलं. तो ४४ वर्षांचा, ती १४ वर्षांची. मारियाना ही फिलिपच्या सख्ख्या बहिणीची मुलगी, म्हणजे त्याची भाची.

या मामा-भाचीच्या लग्नातून झालेली पहिली मुलगी म्हणजे मार्गारिटा.

मारियानाचा सख्खा धाकटा भाऊ लिओपोल्ड. तो १६५८ मध्ये पवित्र रोमन सम्राट झाला, म्हणजे जर्मनी आणि मध्य युरोपातल्या अनेक राज्यांचा नावाला का होईना, प्रमुख. मार्गारिटाचा तो आईकडून मामा आणि वडिलांकडून आतेभाऊ. पुढे तोच तिचा नवरा झाला. लिओपोल्डच्या बाजूने बघितलं तर चौथा फिलिप त्याचा मामा, बहिणीचा नवरा म्हणून दाजी आणि नंतर सासरा.

एकाच घरात लग्नं का लावायची?

युरोपातल्या या घराण्याचं नाव हाब्सबर्ग. त्याच्या दोन शाखा होत्या. एक माद्रिदला, एक व्हिएन्नाला. स्पेनच्या शाखेकडे अमेरिकेतल्या वसाहती, इटलीतली राज्यं, आजच्या बेल्जियमचा भाग असं प्रचंड साम्राज्य होतं. एका शाखेत मुलगा राहिला नाही तर सगळं दुसऱ्या शाखेकडे जावं, फ्रान्सच्या हाती लागू नये, हा त्यांचा हिशोब. त्यामुळे मुली एकमेकांकडेच द्यायच्या, असं पिढ्यान्पिढ्या चाललं. आपल्याकडे 'घरची जमीन घरात राहिली' म्हणतात, तोच विचार, फक्त जमिनीच्या जागी खंड होते.

राजघराण्याच्या सोयरिकीतून प्रदेश इकडचे तिकडे होतात, हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. पोर्तुगालच्या कॅथरिनच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली गेली, हे आपण शाळेत शिकतो. तो करार १६६१ चा. पोर्तुगालला एवढा हुंडा देऊन इंग्लंडची मदत का हवी होती? कारण १६४० मध्ये पोर्तुगाल स्पेनच्या सत्तेतून फुटून निघाला होता आणि त्याचं स्पेनशी युद्ध सुरू होतं. ज्या राजाशी ते युद्ध चालू होतं, तो म्हणजे आपल्या मार्गारिटाचे वडील, चौथा फिलिप. १६४० पर्यंत गोव्यावर त्याचंच राज्य होतं.

म्हणजे ही काही कुठल्या तरी दूरच्या दुनियेतली गोष्ट नाही. त्याच काळातल्या, तसल्याच एका सोयरिकीने मुंबईचं नशीब बदललं.

मग चित्रं कशासाठी?

माद्रिद ते व्हिएन्ना हे अंतर तेव्हा काही महिन्यांचं. दोन्हीकडच्या लोकांची भेट होण्याचा प्रश्नच नाही. राजदूत पत्रं लिहायचे, पण पत्रात कोण काय लिहील याचा नेम नाही. म्हणून मुलगी कशी दिसते, किती मोठी झाली, धडधाकट आहे ना, हे कळवायला चित्र पाठवायचे.

मार्गारिटाची वेलास्केझने काढलेली अशी तीन चित्रं आज व्हिएन्नात आहेत. पहिलं साधारण १६५३-५४ चं, गुलाबी ड्रेसमधलं. त्यात ती दोन-तीन वर्षांची आहे. एका हातात मिटलेला पंखा, दुसरा हात शेजारच्या टेबलावर आणि टेबलावर फुलांचा काचेचा फुलदाणी-संच. दुसरं साधारण १६५६ चं, पांढऱ्या ड्रेसमधलं. आणि तिसरं १६५९ चं, हे निळं.

तिन्ही चित्रं ओळीने बघितली तर एक मुलगी तीन, पाच, आठ अशी वाढताना दिसते. घरातल्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने मुलांची उंची मांडून ठेवतात, तसं. फरक एवढाच, की ही नोंद तिच्या आजोळी पाठवली जात होती. कारण व्हिएन्ना हे मार्गारिटाचं आजोळ. तिच्या आईचं माहेर. आणि तेच तिचं सासर होणार होतं.

१६५९ हेच साल महत्त्वाचं का?

व्हिएन्नाची पहिली पसंती मार्गारिटा नव्हती. तिची मोठी सावत्र बहीण मारिया तेरेसा होती. वेलास्केझने काढलेलं तिचंही चित्र आधी व्हिएन्नाला गेलं होतं. पण १६५९ मध्ये स्पेन आणि फ्रान्स यांच्यात पिरेनीजचा तह झाला आणि मारिया तेरेसाचं लग्न फ्रान्सच्या चौदाव्या लुईशी ठरलं. व्हिएन्नासाठी उरली आठ वर्षांची मार्गारिटा. तिची सोयरीक जाहीर झाली पुढे १६६३ मध्ये, पण डोळे तिच्यावर लागले होते ते तेव्हापासून.

यात आणखी एक मेख होती. फ्रान्सला जाताना मारिया तेरेसाने स्पेनच्या गादीवरचा हक्क सोडला. मार्गारिटाचा हक्क मात्र कायम राहिला. म्हणजे तिच्या भावाला मूल झालं नाही, तर स्पेनचं साम्राज्य तिच्या मुलांकडे जाणार. लिओपोल्डला बायको हवी होती आणि तिच्यासोबत येऊ शकणारं राज्यही हवं होतं.

त्याच वर्षी वेलास्केझने तिच्या धाकट्या भावाचंही चित्र काढलं. फेलिपे प्रोस्पेरो, वय दोन वर्षं. गादीचा वारस. त्याच्या झग्यावर घंटी आणि ताईत लटकलेले दिसतात. बाळाला दृष्ट लागू नये, आजार होऊ नये म्हणून. आपण बाळाला काळी तीट लावतो, मनगटात काळे मणी बांधतो, तोच प्रकार. हे चित्रही निळ्या चित्राबरोबर व्हिएन्नाला गेलं. जणू काही सांगायचं होतं, मुलगी छान वाढतेय आणि वारसही आहे. फेलिपे प्रोस्पेरो १ नोव्हेंबर १६६१ ला वारला. चार वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

चित्रात नेमकं काय बघायचं?

एक, स्कर्ट. याला स्पॅनिशमध्ये 'ग्वार्दाइन्फांते' म्हणतात. आत कड्यांचा सांगाडा घालून तो फुगवलेला असतो. नावाचा अर्थ साधारण 'बाळाला सांभाळणारा'. या स्कर्टमुळे गरोदरपण लपतं, असा तेव्हाचा आरोप होता. गंमत म्हणजे १६३९ मध्ये खुद्द चौथ्या फिलिपने फर्मान काढून बायकांना हा स्कर्ट घालायला बंदी केली होती, परवाना असलेल्या वेश्यांचा अपवाद सोडून. फर्मान कोणी फारसं मानलं नाही. वीस वर्षांनी त्याची स्वतःची मुलगी तोच घालून चित्रात उभी आहे.

दोन, हातातली फरची गुंडाळी. तिला मफ म्हणतात. कडाक्याच्या थंडीत दोन्ही हात आत घालून ऊब घ्यायची. हा मफ व्हिएन्नाहून भेट आला असावा, असं अभ्यासक मानतात. तसं असेल तर चित्रातून पोचही दिली गेली, की तुमची भेट मिळाली.

तीन, रंग लावायची पद्धत. मोबाइलवर हे चित्र झूम करून बघा. लांबून जी रुपेरी जर वाटते, ती जवळून नुसते पांढऱ्या-करड्या रंगाचे फटकारे निघतात. एकेक धागा वेलास्केझने काढलेलाच नाही. ब्रश झटकून सोडून दिलाय आणि बाकीचं काम आपल्या डोळ्यांवर सोपवलंय. पुढे दोनशे वर्षांनी फ्रान्समधले चित्रकार याच हातोटीमुळे त्याच्या प्रेमात पडले.

चार, चेहरा. ड्रेस इतका मोकळ्या हाताने रंगवणाऱ्या माणसाने चेहरा मात्र हळुवारपणे, मऊ रंगवलाय. ड्रेस राज्याचा आहे. चेहरा मुलीचा आहे. वेलास्केझ तिला जन्मापासून ओळखत होता. तो नुसता चित्रकार नव्हता, राजवाड्याच्या व्यवस्थेची मोठी जबाबदारी १६५२ पासून त्याच्याकडे होती. १६६० मध्ये मारिया तेरेसाच्या लग्नासाठी दोन राजांची सीमेवर भेट झाली, तिथल्या स्पेनच्या बाजूच्या सगळ्या तयारीचं कामही त्याच्याच अंगावर होतं. तिथून परतल्यावर तो आजारी पडला आणि ६ ऑगस्ट १६६० ला वारला. म्हणजे निळं चित्र हे त्याच्या अखेरच्या कामांपैकी एक.

जाता जाता एक योगायोग. या काळातल्या कलेला 'बरोक' म्हणतात. हा शब्द वेड्यावाकड्या आकाराच्या मोत्यासाठीच्या पोर्तुगीज शब्दावरून आला, असं मानलं जातं. आणि 'मार्गारिटा' या नावाचा मूळ अर्थही मोती असाच आहे.

पुढे त्या मुलीचं काय झालं?

सप्टेंबर १६६५ मध्ये चौथा फिलिप वारला. एप्रिल १६६६ मध्ये माद्रिदला मार्गारिटाचं लग्न लागलं, पण नवरदेव गैरहजर. त्याच्या वतीने दुसऱ्याच माणसाने विधी केले. तेव्हा ही पद्धत सर्रास होती. त्या सुमाराचं तिचं एक चित्र प्रादोमध्ये आहे, वेलास्केझचा जावई हुआन बाउतिस्ता मार्तिनेझ देल माझो याने काढलेलं. त्यात निळं, गुलाबी काही नाही. वडिलांच्या सुतकाचा काळा पोशाख आहे.

एप्रिलच्या शेवटी निघालेली मार्गारिटा समुद्रमार्गे इटली, मिलान असं करत डिसेंबरमध्ये व्हिएन्नाला पोचली. १२ डिसेंबर १६६६ ला प्रत्यक्ष लग्न झालं. ती पंधरा वर्षांची, मामा सव्वीस वर्षांचा. लग्नाचे सोहळे पुढे जवळपास दोन वर्षं चालले. १६६८ मध्ये तिच्या सतराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने 'इल पोमो दोरो' नावाचा प्रचंड ऑपेरा झाला. तो इतका मोठा होता की दोन दिवसांत मिळून सादर करावा लागला.

दोघांचं पटायचं, असं सांगतात. दोघांनाही संगीताचं वेड होतं. तो तिला लाडाने 'ग्रेटल' म्हणायचा. ती मात्र लग्नानंतरही त्याला 'मामा'च म्हणायची.

सहा वर्षांत तिला चार मुलं झाली. त्यांतली तीन तान्हेपणीच गेली. मारिया अँटोनिया ही एकच मुलगी जगली. मधे गर्भपातही झाले. १२ मार्च १६७३ ला मार्गारिटा वारली, तेव्हा ती पुन्हा गरोदर होती. वय २१.

तिच्या नावाशी एक काळी बाजूही जोडलेली आहे. १६६९-७० मध्ये लिओपोल्डने व्हिएन्नातल्या ज्यूंना शहराबाहेर काढलं. आपल्या बाळांच्या मृत्यूचा दोष ज्यूंना देणाऱ्या राणीचा आग्रह हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. शहरातल्या व्यापाऱ्यांचं आणि धर्मगुरूंचं वैरही त्यात होतंच. ज्यूंची ती वस्ती पुढे सम्राटाच्या नावाने 'लिओपोल्डश्टाट' म्हणून ओळखली जाऊ लागली. आजही व्हिएन्नाच्या त्या भागाचं नाव तेच आहे.

विज्ञान काय सांगतं?

बाळं जगत नव्हती याचं कारण शेजारच्या वस्तीत नव्हतं. बरंचसं घराच्या वंशावळीतच होतं.

२००९ मध्ये स्पेनच्या सान्तियागो दे कोम्पोस्तेला विद्यापीठातल्या गोन्झालो अल्वारेझ आणि सहकाऱ्यांनी या घराण्याच्या वंशावळीचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्पेनच्या हाब्सबर्ग राजांच्या ११ लग्नांपैकी ९ लग्नं जवळच्या नात्यातली निघाली. १५२७ ते १६६१ या काळात राजघराण्यात ३४ मुलं जन्मली. त्यांतली १० वर्षाच्या आत गेली आणि एकूण १७ दहा वर्षांची व्हायच्या आत. म्हणजे निम्मी. सर्वांत चांगलं अन्न आणि सर्वांत चांगले वैद्य हाताशी असलेल्या घरात.

या अभ्यासात एक आकडा काढतात. एखाद्याला आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या असण्याची शक्यता किती, हे तो आकडा सांगतो. मामा-भाचीच्या मुलाचा हा आकडा, दोघांत दुसरं काही नातं नसेल तर, ०.१२५ येतो. सख्ख्या भावाबहिणीच्या मुलाचा ०.२५. मार्गारिटाचा धाकटा भाऊ दुसरा कार्लोस, जो आयुष्यभर आजारी राहिला आणि मूल न होता १७०० मध्ये वारला, त्याचा आकडा ०.२५४ निघाला.

हा आकडा आईवडिलांच्या नात्यावरून ठरतो. त्यामुळे सख्ख्या भावंडांचा तो सारखाच असतो. म्हणजे निळ्या ड्रेसमधल्या मुलीचा आकडाही ०.२५४ च. कार्लोस आयुष्यभर झगडला, ती तुलनेने निरोगी वाढली. एकाच पिशवीतून दोघांनी चिठ्ठ्या उचलल्या, तिच्या वाट्याला बऱ्या आल्या. पण पुन्हा मामाशीच लग्न लावून दिल्यावर तिच्या मुलांच्या वाट्याला कोणत्या चिठ्ठ्या येणार, हे तिच्या हातात नव्हतं.

इथे एक गैरसमज नको. नात्यातलं लग्न जगात अनेक ठिकाणी होतं. महाराष्ट्रात काही समाजांत मामाच्या मुलीशी, दक्षिण भारतात मामाशी लग्न करायची रीत आहे. त्यात धोका थोडा वाढतो, पण एका लग्नाने असं होत नाही. हाब्सबर्गांनी तेच पिढ्यान्पिढ्या, पुन्हा पुन्हा केलं. तिथे हिशोब बिघडला.

आणि ज्या राज्यासाठी हे सगळं केलं, ते राहिलं का?

नाही. मार्गारिटाची एकुलती एक मुलगी मारिया अँटोनिया १६९२ मध्ये २३ व्या वर्षी वारली. तिचा मुलगा जोसेफ फर्डिनांड, म्हणजे मार्गारिटाचा नातू, स्पेनचा वारस म्हणून जाहीर झाला होता. फेब्रुवारी १६९९ मध्ये सहा वर्षांचा असताना तोही गेला. पुढच्याच वर्षी दुसरा कार्लोस वारला आणि गादीसाठी १७०१ पासून १७१४ पर्यंत अर्धा युरोप लढत राहिला. शेवटी स्पेन मिळालं फ्रान्सच्या बोरबाँ घराण्याला. ज्यांच्या हाती ते जाऊ नये म्हणून एवढा खटाटोप केला होता, नेमकं त्यांनाच.

मार्गारिटा आज व्हिएन्नातल्या कापुचिन चर्चखालच्या राजघराण्याच्या दफनघरात आहे. तिथून चालत काही मिनिटांवर म्युझियम आहे. तिथे ती तीन वर्षांची, पाच वर्षांची आणि आठ वर्षांची अशी तीनदा भेटते. पुढच्या वेळी फीडमध्ये निळा ड्रेस आला, तर ड्रेस बघून झाल्यावर क्षणभर तिच्या चेहऱ्याकडेही बघा. दोन साम्राज्यं तिच्याकडे वारसाची वाट म्हणून बघत होती. वेलास्केझने मात्र तिथे एक आठ वर्षांची मुलगी रंगवून ठेवली आहे.